चेंडू लागला होता का?

सोलो, ३ मार्च

म्बाक तितिस,

म्बाक म्हटलं, ताई म्हणायची सवय जात नाही. पण कशी आहेस वगैरे विचारत नाही. विचारलं की तू "बरी आहे" म्हणशील, आणि ते खरं की खोटं हे मला कळणार नाही. तुझ्या बाबतीत हा घोळ जुनाच आहे.

पत्र कशाला, असं वाटलं असेल. तुझा नंबर मी सहा वर्षांपूर्वी अडवला, तो अजून तसाच आहे. आता मोकळा करायचा म्हणजे माघार घेतल्यासारखं होईल. पत्राचं तसं नसतं. पेटीत टाकलं की आपण सुटलो. तुझा सासरचा, मनाडोचा पत्ता पाक सार्विदींकडून घेतला. आपल्या कोचचा स्वभाव तुला माहीत आहे. त्यांनी काहीही विचारलं नाही. "तिकडे पाऊस फार," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे न बघता रॅकेटच्या तारा ओढत बसले.

बातमी अशी की मी परत खेळतेय. पोरांना शिकवायला नव्हे, रविवारची हौस म्हणूनही नव्हे. स्पर्धा, पात्रता फेरी, क्रमवारी, सगळं पहिल्यापासून. टाचेमागची शीर तुटली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चालाल, जिने चढाल, लग्नात नाचालसुद्धा. टेनिसचं नाव त्यांनी काढलं नाही. मग लिंतांग झाली. (माझी मुलगी. तुला कुणीतरी सांगितलं असेलच, सोलोत बातमी लपते कुठे?) ती चालायला लागल्या लागल्या थेट गटाराच्या दिशेने पळाली, मी तिच्या मागे पळाले, आणि तिला उचलल्यावर माझ्या लक्षात आलं की अगं बाई, मी पळाले!

माझ्या आईला, इबूला, सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. "पोरीला मी सांभाळीन," म्हणाली. मग म्हणाली, "गुडघे झाकतील असं काही घालून खेळता येतं का गं?" हंदारू हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. नवरा म्हणून तो ठीक आहे, पण अशा वेळी त्याचा काही उपयोग नसतो.

आता मुद्द्याचं. माझ्या नावावर एकेरीचं एकच विजेतेपद आहे आणि ते तू मला दिलेलं आहेस. तू नाही म्हणशील. त्या दिवशीही तू तेच म्हणालीस. पण मी ते जिंकलेच नाही असं धरून चाललेय. मला एक असं विजेतेपद हवंय जे मला कुणी दिलेलं नसेल. एकच पुरे. त्यासाठी परत उतरतेय.

हे तुला का कळवतेय ते मला नीटसं माहीत नाही. उत्तर पाठवू नकोस.

वुरी


जकार्ता, २१ मार्च

म्बाक तितिस,

हरले. पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात, आणि अशी हरले की मैदानाच्या कडेला बसलेल्या मांजरानेसुद्धा तोंड फिरवलं.

समोर सुरबायाची पोरगी होती, युनिके. अठरा वर्षांची, दंड असे की नारळ फोडावेत. नाणेफेकीला मी पुढे झाले तर मला म्हणते, "बू, तुम्ही कोच ना? मग खेळाडू कुठाय?" बू! आईला म्हणतात, शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात, भाजीवालीला म्हणतात, ते बू! मी म्हटलं, "मीच खेळाडू." तर तिने मला टाचेपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अरे वा!"

सामना संपल्यावर जाळ्यापाशी हात मिळवताना म्हणाली, "बू, तुमचा बॅकहँड जबरदस्त आहे. फक्त तुम्ही तिथपर्यंत पोचत नाही."

सोलोत कुणी कुणाला असं म्हणेल का, सांग. आपल्याकडचा माणूस म्हणाला असता, "आज वारा फार होता, नाही?" झाडाचं पान हलत नसलं तरी. मला आधी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग हॉटेलवर येऊन अंघोळ केली, आणि अंघोळ करताना हसू यायला लागलं. कुणीतरी तोंडावर खरं बोललं याचंच इतकं बरं वाटलं.

म्हणून आज मीही खरं लिहिते. आपली ती फायनल. बाबांना जाऊन चाळीस दिवसही झाले नव्हते. इबू तेव्हापासून घराबाहेर पडली नव्हती, ती पहिल्यांदा तिथे आली होती, समोरच्या रांगेत. मॅच पॉइंट तुझा. माझा उंच उडवलेला लॉब तुझ्या डोक्यावरून गेला आणि रेषेच्या चांगला हातभर बाहेर पडला. सामना संपला, पंचांनी तसं सांगितलं, लोक उठलेसुद्धा. आणि तू हात वर केलास. "माझ्या केसाला लागला." चेंडू लागला म्हणजे पॉइंट माझा. त्यानंतर तू एक सर्व्हिस धड टाकली नाहीस. मी जिंकले.

चषक माझ्या हातात आणि पेपरात फोटो तुझा. "तितिसचं मोठं मन." माझं नाव तिसऱ्या ओळीत होतं, तेही चुकीचं छापलेलं.

कपडे बदलायच्या खोलीत मी तुला विचारलं, चेंडू लागला होता का? कुणी पाहिलं? तू माझ्या खांद्यावर हात ठेवून हसलीस. आपलं ते हसू, जे होला चालतं, नाहीला चालतं आणि माहीत नाहीलाही चालतं.

कालाह आणि न्गालाह. हरणं आणि पड खाणं. दोन शब्दांत एका उच्चाराचा फरक, आणि त्या फरकावर आपलं सगळं गाव उभं आहे. थोरल्याने धाकट्यासमोर पड खावी, शहाण्याने मूर्खासमोर खावी. क्लबच्या भिंतीवर तर पाक सार्विदींनी रंगवूनच ठेवलंय, "जो पड खायचं धाडस करतो, तोच शेवटी मोठा ठरतो." तू मोठी ठरलीस, म्बाक. पण मग मी कोण ठरले?

वुरी


सोलो, ११ मे

म्बाक तितिस,

मी उत्तर पाठवू नकोस म्हटलं तर तू डबा पाठवलास.

रोआ माशाचं तिखट. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही, काही नाही. आपल्याकडे कुणी कुणाला राग कळवत नाही आणि मायाही कळवत नाही, डबा पाठवतात. पण गोड पाठवतात गं! एवढं तिखट पाठवलंस याचा अर्थ मी काय लावायचा? इबू म्हणाली, "तिला तुझी आठवण येते." हंदारू म्हणाला, "ती तुझ्यावर भडकली आहे." मग दोघांनी मिळून अर्धा डबा भाताबरोबर संपवला आणि डोळे पुसत बसले.

मी बरी खेळतेय. हे सोलोचं "बरी" नाही, खरंच बरी. गेल्या महिन्यात मलंगला दोन फेऱ्या पार केल्या. तिसऱ्या फेरीत हरले, पण तीन सेट खेळले आणि त्या थाय मुलीला शेवटी पायात गोळे आले, मला नाही.

पाक सार्विदी पहाटे मला मैदानावर उभी करतात आणि टोपलीतले चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकत राहतात. परवा मी जरा लंगडले तर विचारलं, "दुखतंय?"

"नाही."

"नाही म्हणजे सोलोचं नाही की खरं नाही?"

मी म्हटलं, "पाक, तुम्हीच आम्हाला हे शिकवलंत आणि आता तुम्हीच थट्टा करता?"

ते वाकून चेंडू गोळा करू लागले. मग म्हणाले, "मी ती ओळ भिंतीवर लिहिली ती शेजारी भांडतात म्हणून लिहिली होती. तुम्ही ती खेळात घ्याल हे कुठे ठाऊक होतं?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. तुला झालं तर विचार. तुला त्यांचा फोन येतो म्हणे दर रविवारी. मला कुणी सांगितलं नाही, पण सोलोत बातमी लपते कुठे?

जूनमध्ये आपल्याच गावात स्पर्धा आहे, आपल्याच मैदानावर. मी नाव दिलंय.

वुरी

ता. क. तिखट संपलं.


सोलो, २२ जून, दुपार

म्बाक तितिस,

उद्या फायनल आहे. कुणाची म्हणून काय विचारतेस, माझी!

पात्रता फेरीतून आले. पहिल्या दिवशी पाहायला इबू, लिंतांग, हंदारू आणि एक आइस्क्रीमवाला होता. आज उपांत्य सामन्याला माणसं भिंतीवर चढून बसली होती. पहिला सेट मी सहा-एक घालवला. दुसऱ्यात मागे पडले तेव्हा भिंतीवरून एक म्हातारा म्हणाला, "जाऊ दे पोरी, लेकुरवाळी आहेस, इथवर आलीस तेच खूप झालं!" त्याने ते मायेने म्हटलं असेल. पण मला अशी तिडीक आली की काय सांगू! "खूप झालं" म्हणणारे लोक चांगले असतात, म्हणूनच ते घात करतात. तिथून मी जी सुटले ती थेट शेवटचा पॉइंट होईपर्यंत. नंतर तोच म्हातारा खाली उतरून माझ्या बाटलीत पाणी भरून द्यायला आला आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं, तू जिंकणार."

उद्या समोर युनिके आहे. तीच ती. ती आता पहिल्यासारखी नुसती ताकदीने मारत नाही, डोकंही चालवते. आज जेवताना माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या ताटातला तळलेल्या तेंपेचा तुकडा उचलून खात म्हणाली, "बू, उद्या मी तुम्हाला हरवणार, पण तुम्ही पोचायला लागलात हं."

मला भीती वाटतेय, म्बाक. हरायची नाही. हरले तर हरले, तेही माझंच असेल. भीती याची, की बाबा गेले तेव्हासारखीच सगळ्यांना माझी दया येतेय. टाच, बाळंतपण, वय. हे पत्र तुला उद्यापर्यंत पोचणार नाही, तरी मला कुणी काही देऊ नये एवढीच प्रार्थना कर. करतेस ना अजून?

वुरी


सोलो, २५ जून

म्बाक तितिस,

जिंकले!

हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागेल. जिंकले, जिंकले, जिंकले! इबूने दारात उभं राहून चार घरांना हाका मारल्या. इबूने, जी आग लागली तरी "जरा येता का" म्हणेल!

पण हे पत्र त्यासाठी नाही. खाली बस आणि नीट वाच.

तिसरा सेट. मी पाच-चारने पुढे, सर्व्हिस माझी, चाळीस-तीस. एक पॉइंट हवा. सर्व्हिस टाकून मी जाळ्याकडे धावले. युनिकेने जीव खाऊन फोरहँड मारला तो थेट माझ्या अंगावर. तो बाहेर चाललाय हे मला दिसलं आणि मी रॅकेट मागे ओढली. चेंडू लांब मागे रेषेबाहेर पडला. पंच म्हणाले, आउट. संपला सामना. लोकांनी असा कल्ला केला की लिंतांग घाबरून रडायला लागली.

आणि माझ्या तळहातात काहीतरी होतं. आवाज नाही, धक्का नाही. मुंगी चावायच्या आधी नुसती चालून जाते ना, तेवढंच. चेंडू रॅकेटच्या कडेला घासून गेला होता.

कुणी पाहिलं नव्हतं. युनिके मान खाली घालून, हात पुढे करून जाळ्याकडे यायला लागली होती. माझ्या मनात थोर विचार वगैरे काही आले नाहीत, म्बाक. एवढंच आलं, की हा हात मी हातात घेतला तर हेही विजेतेपद माझं नाही. पहिलं दिलेलं होतं, हे चोरलेलं होईल.

मी हात वर केला. पंच खुर्चीतून वाकले. "खात्री आहे? मला तर काही दिसलं नाही."

"तुम्हाला नाहीच दिसणार. माझ्या हाताला कळलं."

आता युनिके माझे आभार मानेल असं तुला वाटेल. तिने कमरेवर हात ठेवले आणि भिंतीवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बू, मला कुणाची दया नकोय! तुमचं ते सोलोचं पड खाणं तुमच्याकडेच ठेवा!"

मी पेटले. "अगं ए, लागला म्हणतेय ना!"

"कुणी पाहिलं?"

"मला लागला, मला माहीत!"

"तुम्ही तर असंच म्हणणार!"

पंचांनी दोघींना ताकीद दिली. आणि ओरडता ओरडता मी एकदम चपापले. कारण "कुणी पाहिलं?" हे वाक्य माझं होतं. मीच तुला विचारलं होतं. आणि तू काय सांगणार होतीस? ज्याला लागतो त्यालाच कळतं. बाकीच्यांनी एक तर विश्वास ठेवायचा, नाहीतर ठेवायचा नाही.

ती गेम मी घालवली. पुढे पाच-पाच, मग सहा-सहा. ती अशी चिडून खेळत होती की चेंडू दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. टायब्रेकमध्ये तिने मला काही फुकट दिलं नाही, मी तिला नाही. शेवटचा चेंडू तिने डाव्या कोपऱ्यात, दूर, पाक सार्विदी टाकायचे तिथेच टाकला. मी पोचले. बॅकहँड रेषेवर.

जाळ्यापाशी तिने मला उचललंच. खाली ठेवून कानात विचारलं, "लागला होता?"

"लागला होता."

"खरं?"

"आता तर जिंकलेय. आता खोटं कशाला बोलू?"

तिने विचार केला. "हं. हे पटलं."

रात्री इबूने पिवळ्या भाताचा शंकूसारखा तुंपेंग रचला आणि त्याचा मानाचा शेंडा कापून माझ्याऐवजी युनिकेच्या ताटात वाढला. ती म्हणाली, "बू, मला अजून राग आहे, पण भूक जास्त आहे." इबूला ती इतकी आवडली की तिने तिला दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही, सरळ वाढलं.

आता माझं. म्बाक, मी चुकले. तुझ्या केसाला चेंडू लागला होता आणि ते फक्त तुलाच माहीत होतं. सहा वर्षं मी तुला खोटारडी समजले. माझ्या लग्नाला बोलावलं नाही, तुझ्या लग्नाला आले नाही. मला क्षमा कर. तुझा नंबर मोकळा केलाय.

तुझी,
वुरी


सोलो, ९ जुलै

म्बाक तितिस,

नंबर मोकळा केला तरी तू हंदारूच्या फोनवर आवाज पाठवलास. तो ऑफिसातून आला आणि म्हणाला, "मी ऐकलेलं नाही, देवाशपथ." याचा अर्थ त्याने ऐकला होता. आम्ही तो स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर लावला.

तुझा आवाज मी किती दिवसांनी ऐकला! जाड झालीस का गं? आवाज जाड झालाय.

"वुरी, तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रडले," तू म्हणालीस. "आणि दोन दिवस विचार केला की राहू दे, आता सगळं गोड झालंय, कशाला बोला? पण मग ते दुसऱ्यांदा झालं असतं. तर ऐक. नाही लागला. चेंडू माझ्या केसांच्या वीतभर वरून गेला. तुझी इबू समोर बसली होती. तिचा चेहरा पाहिला आणि माझा हात आपोआप वर गेला. वाटलं, माझं काय जातंय? मग त्या हरण्यापायी संघातली जागा गेली, तू गेलीस, खेळच गेला. इथे मनाडोला आल्यावर सासूने पहिल्याच महिन्यात मला सुनावलं, 'तू सगळ्याला हो म्हणतेस. तुझ्याशी बोलून माणसाला काही कळतच नाही.' इथे सगळे असेच तोंडावर बोलतात, आता मलाही जमायला लागलंय. तुझंच खरं होतं, वुरी. तेव्हाही आणि आत्तापर्यंत."

म्बाक, मी काय केलं असेल सांग. उड्या मारल्या! "बघा! बघा! मी म्हटलं नव्हतं?" सगळ्या घरभर. लिंतांगही कशासाठी ते न कळता माझ्याबरोबर उड्या मारत होती. मग मी जमिनीवर बसले आणि धाय मोकलून रडले. तू माझी कीव केलीस याचा राग आहे. माझ्या आईचा चेहरा बघून तू हातातला सामना सोडलास, म्हणून तुझ्यावर मायाही येतेय. दोन्ही एकदमच होतंय, आणि त्यातलं कुठलं एक निवडायचं हे मला जमत नाही.

आणि इबू काय म्हणाली असेल? शांतपणे ताट पुसत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी तिच्या अंबाड्याकडेच बघत होते. किती सुरेख बांधायची. केस हलला नाही."

"मग सहा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू खेळ सोडला असतास. चिडलीस म्हणून खेळत राहिलीस."

मी डोक्याला हात लावला. म्हणजे सगळ्या गावात खरं बोलणारी एक सुरबायाची पोरगी तेवढी!

तर आता ऐक. तुझी माफीबिफी मी काही घेत नाही. तो सामना पुरा झालेला नाही. तुझा मॅच पॉइंट होता, तो तू खेळलाच नाहीस. सतरा ऑगस्टला आपल्या वस्तीत, कांपुंगात, स्वातंत्र्यदिनाच्या शर्यती असतात, त्यातच आपला सामना. पाक सार्विदी पंच होतील, मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं. जुना चषक मी घासून ठेवलाय. जी जिंकेल तिने न्यायचा. विमानाचं बघ, आणि आलीस तर खेळायला ये. भेटायला येणार असशील तर येऊ नकोस.

आणि पड खाल्लीस तर देवाशपथ युनिकेला तुझ्या अंगावर सोडीन.

तुझी,
वुरी


सोलो, २१ ऑगस्ट

म्बाक तितिस,

फोनवर तू काल पुन्हा तेच म्हणालीस आणि ठेवून दिलास, म्हणून आता लेखी देतेय.

तू विमानतळावर उतरलीस तेव्हा आपण दोघींनी काय काय बोलायचं ठरवलं होतं कोण जाणे. तू म्हणालीस, "बारीक झालीस," मी म्हटलं, "जाड झालीस," आणि तिथेच उभ्या उभ्या इतकं रडलो की टॅक्सीवाल्याने आपल्याला कुणी वारलं का म्हणून विचारलं. तेवढं पुरलं.

पहिल्या दोन गेम तर आपण वायाच घालवल्या. "तुझा पॉइंट." "नाही गं, तुझाच." "अगं, रेषेला लागला, तुझा." पाक सार्विदी पंचाच्या खुर्चीवरून ओरडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले, "अरे, दोघी मिळून आता मला पड खायला लावता का? खेळा!" भिंतीवरची माणसं हसली आणि मग तुला काय झालं कुणास ठाऊक. तू बाह्या वर सारल्यास. मग जे तू मला उजवीकडून डावीकडे पळवायला लागलीस, त्याला दया म्हणत नाहीत. एकदा तर पळता पळता मीच हसायला लागले, कारण मला आठवलं, तू मुळात कशी खेळायचीस! मी तुझी ती खेळी विसरूनच गेले होते. सहा वर्षं मी फक्त तो एक वर गेलेला हात लक्षात ठेवला होता.

ती मजा! माझी टाच ठणकत होती, तू कंबर धरून वाकत होतीस, मागे पोरं पोत्यात पाय घालून उड्या मारत होती, आणि मी आयुष्यात इतकी सुखी कधी झाले नव्हते.

मग तो शेवटचा चेंडू. तुझा मॅच पॉइंट. बाजूला पोरांची टांगलेले क्रुपुक पापड खायची शर्यत सुरू झाली आणि पाक सार्विदी, साठ वर्षं टेनिस पाहिलेला माणूस, नेमके त्या क्षणी तिकडे वळून बघत होते!

"आत!" तू म्हणालीस.

"बाहेर!" मी म्हणाले.

"वुरी, आत होता. मी पाहिला."

"मी पण पाहिला, माझे डोळे तुझ्यापेक्षा तरुण आहेत!"

सोलोच्या दोन बायका भर मैदानात, झेंड्याखाली, अशा भांडल्या की क्रुपुक खाणारी पोरं खायचं थांबवून बघायला लागली. एक मावशी म्हणाली, "जाऊ दे गं, दोघींपैकी एक कुणीतरी गप्प बसा." दोघीही बसलो नाही. पुन्हा खेळू म्हटलं तर तू नाही म्हणालीस. तू! नाही! आणि सरळ टेबलाजवळ जाऊन चषक उचललास. इबूने तर टाळ्या वाजवल्या, स्वतःची मुलगी समोर उभी असताना.

चषक तुझा, ते मी मान्य केलं. हंदारूला तू फोनवर सांगितलंस म्हणे, विमानात तू तो मांडीवर घेऊन बसली होतीस आणि हवाई सुंदरीने वर ठेवा म्हटलं तर नाही म्हणालीस. शाबास.

सप्टेंबरमध्ये सुरबायाला स्पर्धा आहे. दुहेरीत आपल्या दोघींची नावं दिली आहेत, तुला विचारलेलं नाही. पहिल्याच फेरीत युनिके आणि तिची मैत्रीण आहे. तिने निरोप पाठवलाय, "दोन्ही बूंना सांगा, मी येतेय."

टाचेला बर्फ लावतेय. लिंतांग मांडीवर आहे. मी तिला विचारलं, मावशीचा चेंडू आत की बाहेर? ती म्हणाली बाहेर. तिला अजून आत-बाहेर कळत नाही, पण ती माझ्या बाजूने आहे.

बोटभर बाहेर होता, म्बाक. मरेपर्यंत सांगेन.

तुझीच,
वुरी